चाई आणि जावळ

न्हावी सगळ्यांचे केस कापतो, स्वतःचे सोडून. म्हणून गेली वीस-बावीस वर्षं दर महिन्याच्या एका सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी दत्ताच्या खुर्चीत बसतो आणि माझं झालं की दत्ता माझ्या जागी बसतो. माझं दुकान उमेळ्यात, त्याचं नायगावच्या रस्त्याला. धंद्यात आम्ही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, बाकी जिगरी दोस्त. त्या तासाभरात आम्ही अख्ख्या वसईचा कारभार सुधारून ठेवतो.

गेल्या वर्षीच्या अशाच एका सोमवारी दत्ताची कात्री माझ्या उजव्या कानामागे थांबली. न्हाव्याची कात्री बोलता बोलता थांबली तर समजावं, काहीतरी दिसलंय. पस्तीस वर्षं मीही अशीच थांबवत आलोय. कुणाला उवा, कुणाला जुनी खोक, कुणाला टक्कल सुरू झाल्याची पहिली खूण.

"अरविंद, चाई पडलीय तुला," दत्ता म्हणाला.

"गप रे."

"खरंच. रुपयाएवढी. बघ."

त्याने मागून आरसा धरला. कानामागे एक गोल, गुळगुळीत, गुलाबीसर ठिपका होता. खाज नाही, खपली नाही, दुखणं नाही. जणू कुणी तेवढीच जागा पुसून घेतली होती. मी हसलो, पण माझं हसणं ओठांपुरतंच होतं, आणि दत्ता मला चांगला ओळखतो.

माझे केस म्हणजे माझ्या दुकानाची पाटी होती, हे आधी सांगायला हवं. चोपन्नाव्या वर्षी दाट, मागे वळवलेले, वर मिशी अशी की गिऱ्हाईक म्हणायचं, "माझी पण अश्शी करा." मला त्याची घमेंड होती. आता मान्य करायला हरकत नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. माझी मुलगी रेश्मा विरारला दिलेली. तिची मीरा तेव्हा पाच महिन्यांची होती. बारशाच्या दिवशी मी भर मांडवात सांगून बसलो होतो, "हिचं जावळ दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. आजोबांचा वस्तरा पहिला." त्यांच्या घरी जावळ अकराव्या महिन्यात करतात. या दोन हातांनी मी गावातल्या शेकडो पोरांची जावळं केली, माझ्या दोन्ही मुलांची केली. नातीचं राहिलं होतं. चाई पडलेल्या न्हाव्याच्या हातात पोरीचं डोकं कोण देईल, हा प्रश्न मला त्या खुर्चीतच पडला.

उपाय

घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सुनंदाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. दत्ताला शपथ घातली.

मग सुरू झाले उपाय. दत्ता म्हणाला, कांद्याचा रस. मी लावला. दुकानात भजीचा वास येऊ लागला आणि एका गिऱ्हाइकाने विचारलं, "शेट, चहाबरोबर भजी पण ठेवता काय आता?" मग कुणीतरी सांगितलं, लसूण. लसूण मी ठेचून बांधला आणि सकाळी कानामागे फोड. जिथे केस नव्हते तिथे आता कातडीही राहीना. माझ्यासारखे जे कुणी हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो, लसूण फोडणीत घाला.

दोन महिन्यांत एकीच्या तीन झाल्या. मागे दोन, टाळूवर एक. मी धंद्यातला माणूस, इकडचे केस तिकडे कसे वळवायचे हे मला कोण शिकवणार? जेल लावून मी असा काही भांग पाडत होतो की वारा आला नाही तर काही कळू नये. मात्र उमेळ्याला खाडीचा वारा आहे.

त्यानंतर मिशी गेली. डावी अर्धी. उजवी आहे तशी झुपकेदार आणि डावीकडे फक्त चार पांढरे केस. काळे सगळे गेले, पांढरे राहिले. सीनियरांना हात लावायचा नाही, असा काही नियम असावा. अर्धी मिशी मात्र कुठल्याही भांगाने झाकत नाही. आणि मग मी जे केलं ते केवळ माझ्यासारख्या अतिशहाण्या न्हाव्यालाच सुचू शकतं. सोमवारी दत्ताकडे गेलो आणि म्हटलं, "सगळं काढ. मशीन झिरोवर, वरून वस्तरा. मिशीसकट."

दत्ताने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "आजकाल पोरं हौसेनं करतात. स्टाइल आहे."

गुळगुळीत डोकं, गुळगुळीत ओठ. चाई कुठे आणि बाकीचं डोकं कुठे, काही कळेना. मी स्वतःवर खूश झालो. घरी गेलो तेव्हा सुनंदा विरारला लेकीकडे गेलेली होती, आई झोपली होती. मंगळवारी सकाळी तसाच दुकान उघडायला निघालो.

कोण गेलं?

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पास्कल काका. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून दाढीला येतात. त्यांच्या घरची बोली वेगळी, पण माझ्याशी साधं मराठी बोलतात. दारात उभे राहिले, मला पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कधी गेली आई?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठे गेली?" मी विचारलं. खरंच मला कळलं नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धक्का बसतो, अरविंद. रड, रडून घे. मला कळवलं असतंस तर खांदा द्यायला आलो असतो. दुकान कशाला उघडलंस आज?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाप माझा कधीच गेलेला. आई एक्क्याऐंशी वर्षांची. आणि मी डोकं आणि मिशी दोन्ही उतरवून भर रस्त्याने चालत आलो होतो. आपल्याकडे असं कोण आणि केव्हा करतं, हे पस्तीस वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाला आठवू नये! किती घरच्या मुलांची डोकी मी स्वतः त्या दिवशी उतरवली असतील.

"काका, आई बरी आहे," मी म्हटलं. पण तोवर उशीर झाला होता. मला रस्त्याने येताना दहा जणांनी पाहिलं होतं, आणि उमेळ्यात बातमीला पाय नसतात, पंख असतात. दुकानाला कुलूप लावून मी घराकडे पळत सुटलो. पळणारा चमनगोटा पाहून उरलेल्यांचीही खात्री पटली.

घरी दृश्य असं. शेजारच्या वहिनी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात, कारण अशा घरी चूल पेटत नाही. मागे चार बायका पदर तोंडाला लावून. आणि उंबरठ्याशी सुपात सुकट निवडत बसलेली माझी आई.

आई माहेरची चिंचोटीकडची. बोलणं अजून तिकडचंच. "कोन गेलं गं?" ती वहिनींना विचारत होती. "आपल्या आळीतलं कोन? मला कोनी कसं सांगितलं नाय?"

वहिनींना पातेलं कुठे ठेवावं कळेना. तेवढ्यात मी पोचलो. आईने वर पाहिलं, माझं डोकं पाहिलं, ओठ पाहिला, आणि एका क्षणात तिला सगळं समजलं.

"आरं मेल्या," ती म्हणाली, "मी मेले व्हय?"

आणि हसायला लागली. सूप बाजूला ठेवून, गुडघे धरून हसली. त्या चार बायकाही पदराआड हसायला लागल्या, वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. तासाभराने, बायका अजून बसलेल्याच होत्या, तोच दारात रिक्षा थांबली आणि माझी रेश्मा रडत उतरली, तिच्या मागे मीराला कडेवर घेतलेली सुनंदा, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या साडीत माझ्या विहीणबाई. बातमी विरारपर्यंत गेली होती.

"पानी पी आधी, बाय," आई रेश्माला म्हणाली. "मी जिती हाय. खोट्या मरनानं आयुष्य वाढतं. तुझ्या बापानं मला दहा वर्सं दिली बघ आज."

सुनंदा हसली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कशासाठी केलंत?"

सगळ्यांसमोर सांगावं लागलं. चाई. तीन. मिशी. दोन महिने. ती म्हणाली, "उशीच्या अभ्र्यावरचे केस रोज मी झटकत होते. मला वाटलं, सांगाल. दत्ताला सांगितलंत, मला नाही." एवढं बोलून आत गेली आणि त्या पिठलं-भातातला घास तिने घेतला नाही. आम्ही बाकीच्यांनी मात्र पातेलं पुसून खाल्लं. पिठलं फार छान झालं होतं.

भिंगाखाली

दुसऱ्या दिवशी सुनंदाने मला धरून दवाखान्यात नेलं. बोलत नव्हती, पण हात सोडत नव्हती. स्किनच्या डॉक्टर म्हणजे रेश्माच्या वयाची मुलगी. खुर्चीत मी बसलो आणि ती मागे उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी धंद्याबाहेरचं माझं डोकं न्हाव्यासारखं पाहत होतं, बोटांनी कातडी ताणत, दिव्याकडे वळवत. मला बरं वाटलं.

ती म्हणाली, "काका, तुम्ही ज्याला चाई म्हणता तेच हे. आपल्याच शरीरातल्या राखणदारांची चूक होते. ते केसांच्या मुळांना परके समजून हल्ला करतात. मूळ मरत नाही, फक्त दबून बसतं."

"म्हणजे परत येतील?"

"बहुतेकांचे येतात. सगळ्यांचे येतील असं लिहून देता येत नाही."

तो दिवस मी विसरणार नाही. टकलाची भीती नव्हती, टकलं मी रोज पाहतो. मला भीती होती ती गिऱ्हाइकाच्या नजरेची, आणि मीराच्या जावळाची.

मग तिने फोनला एक भिंग लावलं, माझ्या चाईच्या कडेला टेकवलं आणि फोटो मला दाखवला. "हा बघा, कानाच्या घडीत वस्तऱ्यातून सुटलेला केस. टोकाला जाड आहे आणि मुळाकडे येताना बारीक होत गेलाय. उद्गारचिन्हासारखा. आजार जोरात असला की असा केस येतो."

मी पाहतच राहिलो. केसांवर मी तासभर बोलू शकतो. सरळ केस चिमटीत फिरवला तर गोल फिरतो, कुरळा अडखळतो, कारण तो चपटा असतो. दाढीचा केस डोक्याच्या केसाहून जाड, अंगठ्याला त्याच्या कडा लागतात. एकाच डोक्यावर मानेचा केस मऊ आणि टाळूचा राठ. मोठ्या तापातून उठलेल्या बाईच्या लांब केसावरून बोट फिरवलं तर कधी कधी एक जागा बारीक लागते; ताप केव्हा येऊन गेला ते केस सांगतो. हे सगळं माझी बोटं जाणतात. पण केस मुळाशी निमुळता झालेला मी कधी पाहिला नव्हता. आम्ही टोकाची माणसं. मुळाकडे बघायची वेळच आली नव्हती.

"डॉक्टर, एक विचारू? वस्तरा फिरवला की केस दाट येतात, हे खरं ना?"

"नाही, काका. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. बोथट टोक हाताला जाड लागतं, इतकंच."

"हे बाहेर कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "आमच्या अर्ध्या धंद्याचा पाया आहे तो."

ती मोठ्याने हसली. आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच सुनंदाही हसली.

बाकावरचे दिवस

उपचार म्हणजे दर महिन्याला इंजेक्शनं. एक नाही, प्रत्येक चाईत बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक-एक टोचा. मला पहिल्या वेळी बावीस बसले. दुखतं का? दुखतं. मी एकेका टोच्याला एकेका गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचो, जी गिऱ्हाइकं चाईची गोष्ट कळल्यावर यायची बंद झाली होती त्यांचं. मनात राग होता, खोटं कशाला बोलू? नावं संपली आणि टोचे उरले, तेव्हा कळलं की न येणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त आहेत. पास्कल काका तर मुद्दाम रोज येऊ लागले. त्यांना तेवढी दाढीही उगवत नव्हती.

बाहेर बाकावर आमची एक टोळी जमली. कोड आलेल्या एक शिक्षिका, सोरायसिसचे एक रिक्षावाले, आणि सगळे केस गेलेली नववीतली एक मुलगी, जी रंगीत टोपी घालून यायची. तिने मला विचारलं, "अंकल, तुम्ही खरंच न्हावी आहात? तुमच्याकडे कोण येतं?" मी म्हटलं, "ज्याला स्वतःच्या केसांची किंमत कळते तो येतो." ती इतकी हसली की टोपी पडली, आणि तिने ती लगेच उचलली नाही. ही सगळी गोष्ट लिहायला मला डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलता तसंच लिहा, बाकावर ठेवू." तेव्हा बाकावर बसलेल्यांनो, टोच्यांचं दुखणं अर्ध्या मिनिटाचं असतं. आत जाताना घरचं कुणीतरी बरोबर न्या. मी लपवलं आणि दोन महिने फुकट घालवले.

विरारहून फोन

मीराला दहावा महिना लागला आणि रेश्माचा फोन आला. आवाजावरून कळलं.

"बाबा, आई म्हणतायत, जावळाला दुसरा माणूस सांगू या." ती सासूला आई म्हणते. "त्यांना कुणीतरी सांगितलंय की हे वस्तऱ्यातून पसरतं. त्यांचा तुमच्यावर राग नाही हो. त्यांना मीराची काळजी वाटते."

मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवला.

मग घरात मी जो थयथयाट केला त्याची आज लाज वाटते. म्हटलं, मी जावळाला जाणारच नाही. मानाचा आहेर नको, जेवण नको. सुनंदा म्हणाली, "नातीच्या जावळाला रुसणारा आजोबा पहिल्यांदा बघतेय." आई म्हणाली, "त्या बाईचं काय चुकलं? पोरगी लहान हाय. आजीला भ्या वाटनारच. तू सांग ना समजावून." मी म्हटलं, मी कशाला समजावू? इतकी वर्षं माझा वस्तरा काय बोलत होता?

पण खरं दुःख अपमानाचं नव्हतं. विहीणबाईंच्या जागी मी असतो आणि मला काही माहीत नसतं, तर मीही हेच केलं असतं. हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त लागत होतं.

आईनेच मार्ग काढला. मला न सांगता विहीणबाईंना फोन लावला. काय बोलली ते माहीत नाही. पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्याच्या दारात विहीणबाई उभ्या. इस्त्रीची साडी, मोठा अंबाडा, हातात पर्स.

"व्याहीबुवा, मला डॉक्टरांना स्वतः विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या समोरच विचारते. मागून विचारणं बरं नाही."

साताऱ्याकडच्या, सरळ बाई. माझा निम्मा राग तिथेच गेला.

बाकावर आम्ही दोघं

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. हे पसरत नाही. स्पर्शाने नाही, वस्तऱ्याने नाही, उशीने नाही. विहीणबाईंनी मान डोलावली, पण त्यांचे डोळे अजून घाबरलेलेच होते. भीती अशी एका वाक्याने जात नाही.

मग डॉक्टरांनी भिंग लावलं आणि ओरडल्याच, "काका, बघा!"

फोटोत, गुळगुळीत चाईच्या मधोमध, एक केस. पांढरा, कोळिष्टकाच्या धाग्याहून बारीक, आणि त्याचं टोक निमुळतं. कात्री न लागलेला केस. त्याच्या शेजारी आणखी एक. मग पाच-सहा.

"हे आता पांढरे आणि बारीक आहेत. हळूहळू जाड होतील, कदाचित काळेही होतील," डॉक्टर म्हणाल्या.

मी बोटांनी फोटो मोठा केला. विहीणबाई वाकून फोटो पाहत होत्या. "मीराचे पण अस्सेच आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर बाकावर येऊन बसलो. त्या थोडा वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मॅडम माझ्या केसांकडे बघत होत्या. तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"का बघत असतील?"

खोटं बोलावं की खरं, असा मी एक क्षण विचार केला. मग म्हटलं, "विहीणबाई, गंगावनाचा केस जाड आणि गोल आहे. तुमचा बारीक आणि थोडा वळणारा. अंबाड्यात दोन्ही एकत्र आले की लक्षात येतं. सगळ्यांच्या नाही. केसात काम करणाऱ्यांच्या येतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"साखरपुड्यापासून."

"चार वर्षं? घरात बोललात?"

"नाही. सुनंदालाही नाही."

"का?"

"खुर्चीत बसलेलं असो की समोर उभं असो, डोक्यावरची गोष्ट आम्ही बाहेर नेत नाही. माझ्या बापाने शिकवलेलं आहे. वस्तरा त्यानंतर शिकवला."

त्यांनी पर्स बाजूला ठेवली. मग सांगू लागल्या. डेंग्यूतून उठल्यावर केस गेले, परत आले ते पातळच. मुलाला माहीत नाही, सुनेला माहीत नाही. न्हाणीतून बाहेर येताना आधी दार किलकिलं करून पाहायच्या. मीरा उजव्या हाताने अंबाडा ओढते, म्हणून हल्ली तिला डाव्या कडेवर घेत नाहीत. मला त्यांची इतकी माया वाटली की काय सांगू. आम्ही दोघं एकाच भीतीने चोरासारखे वागत होतो, आणि दोघांच्याही डोक्यावर सगळ्या जगाची नजर आहे असं आम्हाला वाटत होतं.

मी म्हटलं, "टोकन काढू का तुमचं? डॉक्टर चांगली आहे. आणि बाकावरची मंडळी तर फारच चांगली."

त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या. पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोरच रेश्माला लावला. "अगं, त्या माणसाला नको म्हणून सांग. जावळ तुझे बाबा करतील. हो. हो, मी इथेच आहे. मला पण जरा उशीर होईल, माझा नंबर अजून यायचाय."

जावळ

रविवारी सकाळी साडेनऊचा मुहूर्त होता. विरारच्या त्यांच्या हॉलमध्ये पाट, समया, औक्षणाचं ताट, केस झेलायला कणकेचा गोळा. विहीणबाई मुहूर्ताच्या पक्क्या. घड्याळ भिंतीवरून काढून समोरच्या खुर्चीवर ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी अंबाडा घातला नव्हता. पातळ केसांची एक छोटी वेणी होती, तिला अबोलीचा गजरा, आणि मीरा त्यांच्या डाव्या कडेवर.

माझ्या तिन्ही चाईंवर तोवर पांढरी मऊ लव आली होती. आईने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मऊ लागतंय रं."

मामा म्हणून माझा मुलगा पाटावर बसला, मीरा त्याच्या मांडीवर. मी हात धुतले, वस्तऱ्याला नवं पातं लावलं. आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते पातं दोनदा तपासलं. जावळाला पोरं रडतात, हातपाय झाडतात, मान वळवतात. त्याची मला सवय आहे. पण सगळं घर माझ्या बोटांकडे पाहत होतं आणि मला वाटलं, आता हिने एक किंकाळी फोडली तरी मी खचेन.

कोमट पाणी लावलं. डाव्या तळव्यात तिचं डोकं घेतलं आणि कपाळापासून सुरुवात केली. जावळाचा केस वस्तऱ्याला जाणवतही नाही, इतका हलका असतो. मी नेहमीप्रमाणे बडबड करत होतो, गिऱ्हाइकाशी करतो तशी. काय मॅडम, किती बारीक ठेवू? बाजूने कमी करू का? ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग माझ्या डोक्याकडे. मग तिने पापण्या मिटल्या.

अर्धं डोकं झालं आणि माझ्या डाव्या हाताला वजन जाणवलं. मी वाकून पाहिलं. मीरा झोपली होती. तोंड किंचित उघडं, गाल माझ्या मनगटावर. अर्ध्या डोक्यावर जावळ, अर्धं लखलखीत.

मोठी माणसं माझ्या खुर्चीत झोपतात, ते मी नेहमी माझा मान समजतो. एवढंसं पोर वस्तऱ्याखाली झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," विहीणबाई कुजबुजल्या. "उठवू नका तिला."

"आई, मुहूर्त," जावई घड्याळाकडे पाहत म्हणाले.

"मुहूर्त गेला तर गेला. आजोबांच्या हातात झोपलीय ती."

त्यांनी माझ्या उजव्या हातातला वस्तरा हलकेच काढून घेतला, मिटला आणि ताटात ठेवला. कुणी उठलं नाही. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता, सुनंदा माझ्याकडे पाहून डोळे पुसत होती, आणि माझी आई खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांना बोटाने गप्प करत होती. थोड्या वेळाने माझ्या हाताला मुंग्या आल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, मी धरतो तिचं डोकं." मी मान हलवून नको म्हटलं. अर्धं जावळ अजून शिल्लक होतं, आणि मला कसलीही घाई नव्हती.